मदतनीस वार्सीबू

कापड विकायच्या ऑनलाइन प्रोफाइलवर वार्सीबूंनी, म्हणजे आमच्या वार्सीबाईंनी, स्वतःबद्दल एकच शब्द लिहिला होता: मदतनीस.

आमच्या पेदान गावातली ती विणशाळा बावीस वर्षं या बाईने एकटीने ओढली. नवरा गेला तेव्हा माग अकरा होते आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. गिरणीच्या स्वस्त कापडाने बाजार भरला होता. तेव्हा बूंनी लुरिकचे, म्हणजे आमच्या पट्ट्यापट्ट्यांच्या हातमागाच्या कापडाचे, जुने पट्टे मोडून नवे बसवले. विटकरी, गढूळ निळा आणि मध्ये केसाएवढी पांढरी रेघ. त्या रेघेवर सहा विणकरणींच्या चुली आजवर पेटल्या. आणि लिहितात काय, तर मदतनीस! फोटो ओळखपत्रावरचा, मागे लालभडक पडदा आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"मग काय लिहू, गितो? मालकीण?" त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, बाईला शिंगं फुटली."

आमच्याकडे हे असंच. स्वतःची टिमकी वाजवणारा म्हणजे ज्याला आईबापांनी वळण लावलं नाही तो. कुणी कौतुक केलंच तर सत्तराव्या वर्षीसुद्धा 'छे, अजून शिकतोय' म्हणायचं. मी बालीच्या हॉटेलात सहा वर्षं काढून आलोय. आता बाजारात झेरॉक्सचं दुकान चालवतो, लोकांचे अर्ज लिहून देतो. एवढं मला कळतं की परदेशी माणूस 'मदतनीस' वाचतो आणि मदतनीसच समजतो.

आणि वेळ उरला नव्हता. गिऱ्हाईक पुन्हा आटलं होतं. अकरातले पाच माग जुनं सागवान म्हणून कॅफेवाल्यांनी टेबलं करायला नेले होते. उरलेल्या सहांसाठी लाकडाचा व्यापारी शनिवारी येणार होता. डेन्मार्कच्या इंगरबाई पडद्यांसाठी कापड शोधत होत्या. त्यांना हे पट्टे आवडले, पण पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं, 'मला मदतनिसाशी नाही, मालकाशी बोलायचंय.' बूंनी लाजून उत्तरच दिलं नाही. तीन आठवडे! मला कळलं तेव्हा असा संताप आला की दुकान उघडं टाकून मी त्यांच्याकडे गेलो.

त्याच तावात मी प्रोफाइल बदलली. संस्थापक, मालक, नक्षीकार. मागावर बसलेल्या बूंचा नवा फोटो. पट्टे कसे सुचले त्याची हकीकत. सगळं खरं, पदरचं एक अक्षर घातलं नाही. मग 'मालकाशी बोला' असं इंगरबाईंना कळवूनही टाकलं. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं: 'गेल्या महिन्यात मदतनीस होतात, आज संस्थापक? खोट्या ओळखीवर मी माल घेत नाही. गुरुवारी चार वाजता व्हिडिओवर बोलू.'

गुरुवारी आम्ही विणशाळेतच सुताच्या बाचक्याला फोन टेकवून बसलो. मागे सहाही बायका विणत होत्या, पण कान सगळ्यांचे इकडे. दुभाषी मी.

"हे पट्टे कुणी बसवले?" इंगरबाईंनी नमस्कार झाल्या झाल्या विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी," बू म्हणाल्या.

मी इंग्रजीत सांगू लागलो की पट्टे यांचेच, बावीस वर्षांपूर्वीचे, नवरा वारल्यावर यांनी...

इंगरबाईंनी हात वर केला. "त्या दोन शब्द बोलल्या. तुम्ही पानभर बोलताय. त्या काय म्हणाल्या तेवढंच सांगा."

मी सांगितलं. कान गरम झाले होते माझे.

"विणशाळा कुणाची?"

"एवढीशी तर जागा. मी आपली बघते, झालं."

हेही जसंच्या तसं सांगितलं, दुसरं काय करणार? इंगरबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे लिहिलेलं खरं नाही तर," असं म्हणून त्यांनी फोन बंद करायला हात पुढे केला.

"बू!" मी वयाचा मान विसरून ओरडलो. "त्या चालल्या! शनिवारी सहाही माग जातील. मग बसा लाज कवटाळून!"

बूंनी मागे वळून पाहिलं. पंचाहत्तरीच्या केम आजी हातात धोटा तसाच धरून त्यांच्याकडे रोखून बघत होत्या. बू पुन्हा फोनकडे वळल्या.

"माझे आहेत. पट्टे माझे. माग माझे. रंग उतरला तर ती चूकही माझीच."

मागचे सगळे माग थांबले. मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. इंगरबाईंनी चष्मा पुन्हा लावला.

"दहा मीटर पाठवा," त्या म्हणाल्या. "रंग टिकला तर दोनशे मीटर घेईन."

संध्याकाळी बूंनी व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून कळवलं, पण आनंद काही दिसेना. "सगळ्यांच्या देखत 'माझं, माझं' म्हणाले मी," एवढंच घोकत होत्या. शुक्रवारी सकाळी त्यांनी ताडगूळ घालून चिकट भात शिजवला, सहा ताटं केळीच्या पानांनी झाकली आणि माफी मागायला घरोघर निघाल्या. टोपली माझ्या मोटारसायकलवर. पाच घरी 'असू दे गं, त्यात काय' म्हणून ताट आत गेलं. शेवटचं घर केम आजींचं.

"आजी, काल माझी मर्यादा सुटली. माफ करा."

आजींनी ताटाला हात लावला नाही. "माफी मागायची तर बावीस वर्षांची माग. बाजारात कुणी विचारलं की तू म्हणायचीस, पट्टे सगळ्यांचे. आम्ही सांगायचो, वार्सीचे. लोक हसायचे आम्हाला, म्हणायचे, मालकिणीची थुंकी झेलतायत. तुझा झाला नम्रपणा आणि खोट्या पडलो आम्ही."

बूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी टोपलीकडे बघत उभा राहिलो.

"रडतेस काय दारात?" आजी म्हणाल्या. "ताट ठेव आत. आणि दहा मीटरांचा ताणा आज लावायचाय ना? मग कोण सांगणार आम्हाला, किती निळा घ्यायचा ते?"