आक्का आणि गोल्फची गाडी

आक्का गेल्या त्याला पाच आठवडे झाले. शेवटी त्या काष्टीला राहत होत्या; तिथून फोन आला तेव्हा मी कपाटातल्या कपड्यांची यादी करत होते. यादी पुरी केली आणि मग रडले… मुलांनो, तुमची ही आत्याआजी चौथीपर्यंत शिकलेली, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तरी आमच्या घरात यंत्र कळलं ते त्यांनाच.

एकाहत्तर साली तुमच्या आजोबांचं कमरेचं हाड मोडलं. घरात ते काठीवर फिरत, पण लिंबाची बाग पायांच्या पलीकडे गेली. बाग दिसली नाही तर हा माणूस वाळत जाईल, हे आम्हा दोघींना कळत होतं. मग त्यांच्या मित्रानं नगरच्या छावणीतल्या लिलावातून गोल्फच्या मैदानावरची जुनी पेट्रोलची गाडी मिळवून दिली. पंधरा दिवस ती छान चालली. नंतर मात्र रोज बागेच्या टोकाला विहिरीपाशी जाऊन बंद पडू लागली. गडी यांना खाटेवर घालून घरी आणत. तिसऱ्या खेपेला हे म्हणाले, आता मी बाहेर पडणार नाही.

नगरहून मेस्त्री आला. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचून दाखवायची आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं खूण करायची. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. शेवटी तो म्हणाला, इंजिन संपलंय, भंगारात घाला. पायरीवर बसलेल्या आक्का नुसत्या बघत होत्या. पेट्रोल बघायला टाकीचं टोपण उघडलं की गाडी सुरू होते, लावलं की दहा मिनिटांत बंद, हे त्यांनीच हेरलं. त्या उठल्या तसा मेस्त्री हसला, "आक्का, हे चुलीपुढचं काम न्हाई."

आक्कांनी मला विचारलं, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का गं?"

"नाही. हवेसाठी दुसरं लागतं."

"मंग हिला हवा कुठनं?"

त्यांनी टोपण उलटसुलट करून पाहिलं. त्यातलं बारीक भोक लाल लाखेनं बुजलं होतं. पार्सलं मोहोरबंद करायची लाख घरात फक्त माझ्या खणात असे. पंधराव्या दिवशी गाडी पुसताना, आत धूळ जाऊ नये म्हणून ते भोक मीच बुजवलं होतं… आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, अंबाड्यातला आकडा काढून लाख कोरली आणि मुठीत घेतली.

"माती बसली हुती," त्या मेस्त्रीला म्हणाल्या. "चुलीपुढंच कळतं हे."

दुसऱ्या दिवशी हे गाडीवर बसले, शेजारी आक्का. विहिरीपाशी गडी खाट घेऊन तयार उभे होते. गाडी त्यांच्यासमोरून पुढे गेली. दुसऱ्या फेरीला गडी खाटेवर बसले होते, तिसऱ्या फेरीला त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे इतके मोठ्यानं हसले की मला घरापर्यंत ऐकू आलं.

मी यांना खरं सांगायला निघाले तर आक्कांनी अडवलं. "गाडी चालली न्हवं? मंग झालं."

नंतरही घरात काही बंद पडलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, बिघडायच्या आदी कुनी हात लावला हुता? हे विचारताना त्या माझ्याकडे चुकूनही पाहत नसत. गेल्या आठवड्यात मिक्सर फिरेना. सूनबाई तो दुकानात न्यायला निघाली. मी म्हटलं, "थांब. काल तो मी पुसला होता."