हेनिंगचा सत्कार

हेनिंग मूळचा ब्रेमेनचा. कॉव्हेंट्रीत सायकली दुरुस्त करायचा आणि रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या फुटबॉल टीमचा स्ट्रायकर असायचा. एकोणीस वर्षं! आम्ही सगळे डॉक्टर नाहीतर सॉफ्टवेअरवाले, चेंडू दिसला की बाजूला होणारे. गोल करायचा तो एकटाच. मध्यंतरी एका चांगल्या क्लबनं त्याला बोलावलं, तर "मला माझी टीम आहे," म्हणाला आणि विषय संपला. बायको वारली त्या आठवड्यातही तो खेळायला आला. घरी बसून काय करू, म्हणाला.

पण गुडघ्यानं दगा दिला. गेल्या सीझनमध्ये त्याचा एकही गोल झाला नाही. कमिटीत ठरलं, आता दुसऱ्यांना संधी द्यायची. हे त्याला सांगणार कोण? सेक्रेटरी मी, पण माझी जीभ रेटेना. मग कमिटीतल्याच अर्चनानं तोडगा काढला : सत्कार करू. आपल्याकडे हातात शाल-श्रीफळ पडलं की माणूस ओळखतो, आता आपण बसायचं. खोटं कशाला बोलू, मला ही युक्ती फारच आवडली.

मे महिन्यात सत्कार झाला. सगळ्यात लांबलचक भाषण माझंच. निवृत्तीचा शब्द कुणीच काढला नाही. हेनिंग शाल पांघरून रडला. "गिरीश, इतकं प्रेम मला कुणीच दिलं नाही. आता नेक्स्ट सीझन बघच!"

मी नुसता हसलो. भ्याडच मी.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होता. उन्हाळाभर फिजिओ केली होती, गुडघ्याला नवा पट्टा होता. मी जर्सी वाटत होतो. हेनिंगची नऊ नंबरची, आजवर बदली खेळाडू असलेल्या अवधूतला दिली. हेनिंग हात पुढे करून उभाच राहिला.

"हेनिंग... आपण तुझा सत्कार केला ना," मी पुटपुटलो.

"तो त्यासाठी होता?"

मी मान डोलावली. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"म्हणजे एप्रिलमधली मॅच माझी लास्ट होती," तो हळूच म्हणाला. "तेव्हाच सांगायचंस रे. शेवटची दहा मिनिटं मी स्वतःहून बाहेर आलो होतो, अवधूतला खेळायला मिळावं म्हणून."