तीन रोपांचा खड्डा

मी गर्विष्ठ बाई आहे असं आमच्या स्टाफरूममध्ये बोललं जातं. बोलू देत. शहाद्याच्या बाजूला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत माझे केस पांढरे झाले, आणि एका गोष्टीचा गर्व मला आहेच. ती सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आनुवंशिकतेचा धडा पुस्तकात वाटाण्यावरून सुरू होतो. आमच्या मुलांना वाटाणा ठाऊक तो भाजीतला. त्याचं झाड उंच की बुटकं, याचं त्यांना काय पडलंय? म्हणून मी दरवर्षी पपई आणते. टेबलावर एक लांबट पपई, एक गोल. लांबट पपईला बाजारात मान, गोल पपईकडे व्यापारी नाक मुरडतो, हे वर्गातल्या निम्म्या पोरांना माझ्याहून चांगलं माहीत असतं. मग मी विचारते, लांबट फळाच्या बिया लावल्या तर काय येईल?

"लांबट!" सगळा वर्ग ओरडतो. दरवर्षी.

मग मी फळ्याकडे वळते. लांबट फळाच्या झाडाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांची एक जोडी अशी असते की तिच्यातली दोन्ही वेगवेगळी. एक साधं, एक लांबटपणाचं. हे झाड उभयलिंगी, स्वतःच आई आणि स्वतःच बाप; बी तयार होताना दोन्हींकडून एकेक येतं. दोन्ही साधी आली तर झाड मादी, फळ गोल. एकेक आलं तर फळ लांबट. आणि दोन्ही लांबटपणाची आली तर ते बी जगतच नाही, गर्भातच मरतं. म्हणजे उगवलेल्या रोपांत दोन लांबट, तर एक गोल. पोरं ते वहीत उतरवतात, आणि आम्ही पुढे सरकतो.

त्या वर्षी बारावीतली एक मुलगी पुढे सरकली नाही. ब्राह्मणपुरीची, दुसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांनी शेतातलं सगळ्यात लांब फळ निवडून त्याचं बी धरलं होतं, घरीच रोपं केली होती, आणि दसऱ्यानंतर एका खड्ड्यात एक अशी लावणार होते. तिने हिशेब करून टाकला होता. "मॅडम, मंग तिसरा हिस्सा गोल येई ना?"

येणारच होता. विकतची रोपं लावणाऱ्यांना एका खड्ड्यात एकच लावायची सवय, आणि घरचं बी धरणारा सगळ्यात देखणं फळ बघून धरतो. दोन्ही सवयी एकत्र आल्या की फसगत ठरलेली. उपाय एकच. प्रत्येक खड्ड्यात तीन रोपं लावायची, फूल येईपर्यंत थांबायचं, फुलाच्या आकारावरून ओळखून लांबट फळाचं एक ठेवायचं आणि बाकीची उपटायची.

हे तिने घरी सांगितलं. वडील हसले. "लांब फयनं बी शे, मंग गोल फये कथाईन येतीन?" आणि उपटण्याचं ऐकून तर भडकलेच. "चांगलं झाड कोन उपटस?"

आता ह्यातली खरी गोम सांगते. मुलीला कृषी महाविद्यालयात जायचं होतं आणि घरी स्थळं बघणं चालू होतं. पोरगी हटून बसली तेव्हा वडिलांनी अर्धं वावर तिच्या पद्धतीने लावून दिलं, आणि अट घातली. फुलं तिच्या म्हणण्याप्रमाणे आली तर कॉलेज. नाही आली तर पुन्हा तो विषय काढायचा नाही.

पुढचे महिने मी तिच्याइतकीच धास्तावलेली होते. एकदा ती विचारू लागली, पान सूक्ष्मदर्शकाखाली धरून आत्ताच ओळखता येणार नाही का? मी तिला कांद्याच्या मुळाची काचपट्टी लावून दिली. पेशीत दोन बाजूंना ओढली जाणारी गुणसूत्रं तिने पाहिली, डोळा काढवेना. पण दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. आपल्या ह्या सूक्ष्मदर्शकाला पपईची ती दोन गुणसूत्रं सारखीच दिसणार, फुलाचीच वाट बघावी लागेल, असं मी तिला सांगितलं. शेजारचे शेतकरी तिच्या वावराला 'पपईचं जंगल' म्हणू लागले होते.

बोर्डाची परीक्षा संपली आणि फुलं आली. वडिलांनी तिला विचारलेलं तिने मला जसंच्या तसं कळवलं, "तुन्ही मॅडम येतीन का वावरमा?" मी स्कूटी काढली.

पहिल्याच खड्ड्यात तिन्ही झाडांना बुडाशी फुगीर, गोल फुलं. तिन्ही मादी. बांधावर दोघं-तिघं शेजारी उभे होते, ते हसले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलगी शांत होती. "असा खड्डा एखादा येईच, आबा. मी पहिलेच सांगेल व्हतं." सांगितलं होतं खरंच. वर्गात माझ्यासमोर तिने फळ्यावर गणितही मांडलं होतं, सत्तावीस खड्ड्यांमागे एक. ती पुढच्या खड्ड्याकडे गेली. दोन लांबट, एक गोल. त्याच्या पुढे तीनही लांबट. मग पुन्हा दोन आणि एक. रांग संपेपर्यंत बांधावरचं हसणं बंद झालं होतं. पलीकडच्या अर्ध्या वावरात, जिथे एकेकच रोप होतं, तिथे गोल फुलांची झाडं आता त्यांना आपोआप दिसत होती.

दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीच्या खड्ड्यात सगळ्यात जोमदार झाड मादी निघालं. दंडाएवढं खोड, पानांची छत्री. लांबट फुलाचं झाड शेजारी किडकिडीत. वडील वाकले, त्या जाड खोडाला हात घातला आणि थांबले. आयुष्यभर जोमदार रोप राखलेला माणूस. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी मला विचारलंच नाही.

"बेटा, हाई काढू का?"

"काढा, आबा."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतका मोठा मान दिलेला नाही. माझी छाती भरून आली आणि मी ती तशीच भरू दिली.

वडिलांनी झाड मुळासकट उपटून बांधावर टाकलं, हाताची माती झटकली, आणि मग माझ्याकडे वळले. "मॅडम, त्या कॉलेजले कव्हय जानं पडी?"

"मला काय विचारता?" मी म्हणाले. "तिला विचारा."