पेव उघडू का नको?

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मिलिंदनं मला पाचगणी कबूल केली आणि नेलं सांगलीला. तेही गठ्ठाभर लोखंडी सळया घेऊन. गोष्ट नव्वदच्या दशकातली. नवरा साताऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. कृष्णाकाठच्या एका पूरबांधात किती ओल मुरते ते विजेनं मोजायचं खूळ त्याच्या डोक्यात होतं. उन्हाळ्यात एकदा मोजून आला होता. आता नदी फुगलेली, पावसाची उघडीप, म्हणजे हीच वेळ म्हणे. "पाचगणी कुठं पळून जात नाही," म्हणाला. मी दोन दिवस बोलले नाही, मग पिशवी भरली.

सातारा स्टँडवर कंडक्टरनं सळया निरखल्या. "बांधकाम हाय व्हय?"

"नाही, प्रयोग आहे," मिलिंद म्हणाला.

"मग प्रयोगाचं लगेज फाडतो."

कराडला उतरून मिसळ खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा पाव मागितलाच. पुढं पेठनाक्याला आत वळायचं, मग इस्लामपूर, आष्टा, सांगली. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच हळदीची रुंद पानं. जाणार असाल तर श्रावणातच जा, डोळे निवतात. विश्रामबागेत एक स्वस्त लॉज मिळालं. गरम पाण्याची बादली सांगितल्याशिवाय येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी बांधावर पोचलो. सळया ओळीनं ठोकायच्या, तारा जोडायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची आणि आतल्या दोघींवर यंत्राचा काटा वाचायचा. ओली माती वीज सहज जाऊ देते, तिथं काटा खाली राहतो; कोरडी अडवते, तिथं वर चढतो. सळयांतलं अंतर वाढवलं की आकडा आणखी खोलातलं सांगतो. ठोकायचं काम माझ्याकडं. नव्या नवरीच्या हातात हातोडा बघून निम्मं गाव जमलं.

दुपारी एका ठिकाणी काटा धाडकन खाली आला. उन्हाळ्यात इथंच माती कोरडीठाक होती. मला आता थोडं कळायला लागलं होतं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "पाणी लागलं."

"लागलं? मग हितंच बोअर मारा," गर्दीतले एक आजोबा म्हणाले. "शाळंला पाणी न्हाई."

मिलिंदनं समजावलं, की आजोबा, बांधात पाणी लागणं वाईट. नदी आतून गावाकडं झिरपतेय. खाली उभ्या असलेल्या हमीदाबींनी विचारलं, "कुठवर आलंय?"

हमीदाबी हळदीच्या जुन्या व्यापारी घरातल्या. त्यांचं पेव त्याच जागेच्या पायथ्याशी होतं. पेव म्हणजे जमिनीतली रांजणाच्या आकाराची खोल कोठी. तळाला, कडेला पाला आणि कडबा लावून हळद भरतात आणि तोंड मातीनं लिंपतात. एकदा उघडलं की सगळी हळद काढावीच लागते. भाव पडले होते, म्हणून त्या दिवाळीपर्यंत थांबणार होत्या. वर्षाची सगळी हळद त्या एका पेवात होती.

"सायब, उघडू का नको?"

मिलिंद 'शक्यता' आणि 'साधारणपणे' असं काहीबाही बोलायला लागला. मी वैतागून म्हटलं, "अरे, चाचींना व्याख्यान नकोय."

त्यानं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, "माझं असतं तर आज उघडलं असतं."

त्यांनी उघडलं. आधी कंदील सोडून आतली हवा पाहिली, मग गडी उतरला. टोपल्यांवर टोपल्या वर आल्या आणि हळद निघाली खणखणीत कोरडी. एका कडेचा कडबा जरासा दमट, बस. "सायबानं उगंच पेव फोडलं," कुणीतरी म्हणालंच. हमीदाबींनी आम्हाला चहा दिला आणि पडलेल्या भावानं हळद विकली.

मिलिंदनं बांधाच्या ओल्या भागाची खबर पाटबंधारे ऑफिसात दिली, बांधावर वाळूची पोतीही पडली. पण साताऱ्याला परतल्यावर त्याची झोप उडाली. जेवताना मधेच विचारायचा, "मी त्यांचं नुकसान केलं का गं?" मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. गेलो होतो फिरायला आणि घेऊन आलो हा घोर.

भाद्रपदाच्या तोंडाशी शेजाऱ्यांकडं फोन आला. हमीदाबी होत्या.

"पोरी, नदी चढलीया. बांध उभा हाय, पर खालनं पाणी आलं. पेव गळ्यापतोर भरलं."

मी विचारलं, "आणि हळद?"

"कुठली हळद? ती कवाच गेली न्हवं का. सायबास्नी सांग, निस्तं पाणीच हाय."

मिलिंद कॉलेजातून नुकताच आला होता. त्याला सांगितलं तर तीनदा विचारलं, "रिकामं होतं ना?" तीनदा हो म्हटलं. मग आत गेला आणि बूटही न काढता झोपला. मी त्याला उठवलं नाही.