करंजीचा भाऊ

ओव्हनच्या आतून पहिला ‘फट्’ आला तेव्हा सुपरमार्केटची बाई डोक्याला जाळी लावत होती. दुसरा आला तेव्हा तिने केनकडे पाहिलं. तिसऱ्याला केनने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

केन म्हणजे आमचा मालक. इंग्लंडात लेस्टरमधली छोटी बेकरी, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी बायको शालन तिथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली, तिच्या मागून मी आलो. माझं शिक्षण सातवी. मिरजेला खारी-नानकटाई भाजायचो, म्हणून बेकरीत लागलो. नाव दत्तू. केनने त्याचं डॅन केलं, मी करू दिलं.

आता ओव्हनमधल्या पायचं सांगतो. हँड पाय म्हणजे हातात धरून खायचा. मैद्याची पोळी, आत सारण, अर्धा चंद्र, ओव्हनमध्ये भाजायचा. दिसायला थेट करंजी. आमच्या सारणात आंबट सफरचंद आणि रेड लेस्टर नावाचं तिथलं केशरी चीज. सफरचंदाबरोबर चीज ऐकून मी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं. मग खाल्लं. बरं लागतं.

सुपरमार्केटने ऑर्डर दिली तर पेस्ट्रीचं टेबल, म्हणजे हे पाय करायचं खातं, चालणार होतं. नाही तर बंद. त्या टेबलावर कामाला आम्ही चौघं.

अडचण कडेची होती. केन काट्याने कड दाबायचा. भाजताना ती सुटायची, चीज ट्रेवर सांडून जळायचं. तीन आठवडे हेच. शेवटी मी म्हटलं, “केन, माझ्या बायकोची करंजी कधी सुटत नाही.”

“मग बायकोला आण,” केन म्हणाला.

“ती पेशंट सांभाळते. मी शिकून येतो.”

रविवारी शालनने मला मुरड शिकवली. मुरड म्हणजे कड चिमटीत धरून दुमडत जायचं, दोरीला पीळ घालतात तसं. माझ्या पहिल्या पाच तिने मोडल्या. तिचा हात कसा चालायचा ते मला अजून दिसतं. दिसतं तेवढंच.

“आणि अहो, नुसत्या करंज्या करू नका,” ती म्हणाली. “एक मोदक करा बरोबर. करंजीला भाऊ लागतो.”

आमच्याकडे ही रीत आहे. करंज्यांत एक मोदक, मोदकांत एक करंजी. का ते कुणी विचारत नाही.

बाई यायच्या दिवशी मी ट्रे भरला. तेवीस पाय मुरडीचे आणि मागच्या कोपऱ्यात एक मोदक. केनने बजावलं होतं, “डॅन, माय डक, वर दोन चिरा द्यायच्या. विसरू नकोस.” लेस्टरचे लोक कुणालाही प्रेमाने बदक म्हणतात. मी विसरलो नाही. मी मुद्दाम दिल्या नाहीत. एवढी मुरड घालून वरून सुरी मारायची? फुटकी करंजी आमच्यात कुणी पाहुण्यापुढे ठेवत नाही. केन बाईला घ्यायला दारात गेला होता. मी ट्रे आत सरकवला.

मग ते ‘फट्’.

“आत कुणी आहे का?” बाईने विचारलं.

केन मला हळू आवाजात म्हणाला, “कडा नीट बंद केल्यास ना?”

“वेल्डिंग केल्यासारख्या.”

“आणि चिरा?”

मी ओव्हनचे हातमोजे चढवले.

दार उघडलं. ओव्हनच्या छतावर चीज लोंबत होतं. सफरचंद चहूकडे. पण मुरड एकाही पायची सुटली नव्हती. पोटं फुटली होती.

“कड बघा,” मी म्हणालो. “कड शाबूत आहे.”

“कड कोण खातो, डॅन?” केनचा चेहरा चीजच्या रंगाचा झाला होता.

बाई ट्रेवर वाकली. “आणि हा कांदा काय आहे?”

“तो भाऊ आहे.”

“कुणाचा?”

“ह्यांचा.”

“अरेरे. घरातला एकटाच वाचलेला दिसतो.”

केनने डोळे मिटून घेतले. बाईने मोदक उचलून फिरवून पाहिला. वर कळ्या जुळतात तिथे बारीक भोक राहिलं होतं, माझा हात कच्चा म्हणून. त्यातून रस येऊन वाळला होता, बाकी सगळं आतच. तिने मोडला. चीज वितळलेलं, सफरचंद जागेवर. उभ्या उभ्या अर्धा संपवला.

“सारण चांगलं आहे,” ती म्हणाली. “कडही चांगली आहे. पण वाफ जाणार कुठून? माझ्याकडे पाऊण तास आहे. दुसरा ट्रे लावा.”

आम्ही चौघांनी बारा पाय केले. चिरा मी दिल्या. पहिल्यावर सुरी टेकवताना हात अडखळला. केन मागे उभा राहून म्हणाला, “तू काप, नाहीतर मी तुला कापतो.” कापलं. भाजून बारा बाहेर आले, बाराच्या बारा धड.

ऑर्डर मिळाली. मुरड ठेवा, अशी बाईची अट होती. ते काम मशीनला जमेना, म्हणून केनने दोन गुजराती बायका घेतल्या. त्या जन्मभर घुघरा, म्हणजे त्यांच्याकडची करंजी, करत आलेल्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्या दुप्पट वेगाने मुरडायला लागल्या, वर मला म्हणाल्या, “भाई, तुम्ही चिराच द्या.” पुढे मी चिराच दिल्या.

बाई येऊन गेली त्या दिवशी घरी येऊन शालनला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली.

“अहो, करंजीत सुकं सारण असतं. तुम्ही भरलंत ओलं. तळायची वस्तू वेगळी, भाजायची वेगळी. रविवारी मला विचारायचं की.”

“तू कड शिकवत होतीस. मी कड विचारली.”

“आत काय आहे ते सांगायला तोंड दुखत होतं?”

नव्हतं दुखत. सुचलं नव्हतं.

धंद्यातली शिकवण एवढीच. सारण ओलं असेल तर वर चीर द्या, मग रीत कुणाचीही असो. आणि घरात जाणतं माणूस असेल तर त्याला सगळं विचारून ठेवा. शालन गेली त्याला सव्वा वर्ष झालं. परवा मी लोकरीचा स्वेटर वॉशिंग मशीनमध्ये टाकला. आता तो नातवाला होतो.