सारावसुलीच्या कचेरीसाठी निवडलेली माणसं

महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. दरबारानं ठरवलं की साऱ्या मुलखाच्या शेतसाऱ्यासाठी शहरात एक नवी मोठी कचेरी काढायची. तोवर दर भागाची रीत निराळी होती. कुठं शेतकऱ्याला पावती मिळे, कुठं ‘झालं, जा आता’ एवढंच. कचेरी उभी करायचं काम ज्या साहेबांकडं आलं, त्यांनी हाताखाली दोन कारकून घेतले. एक मी आणि दुसरा माझा सोबती.

सोबती म्हणजे एका गल्लीतला, एका पाटीवर अक्षरं गिरवलेला. शहरात आम्ही एकाच खोलीत राहायचो. मी भाकरी थापायचो, तो कालवण करायचा. त्याचं कालवण इतकं तिखट असे की मला ठसका लागायचा आणि तो हसत पाण्याचा तांब्या पुढं करायचा. त्याच्यापासून लपवावं असं माझ्याजवळ काही नव्हतं.

कचेरीला एक जुनी पागा मिळाली. आम्ही दोघांनी उभं राहून ती साफ करवून घेतली, भिंतींना चुना दिला, खिडक्या पाडल्या. तरी चुन्याच्या वासातून घोड्यांचा वास येतच राहिला. कोण कुठं बसेल, शेतकरी कुठून आत येईल, पावती घेऊन कुठून बाहेर पडेल, हे मी जमिनीवर खडूनं आखून साहेबांना दाखवलं. साहेब खूश झाले. म्हणाले, “आता माणसं बघ. तू निवड, हुकूम मी काढतो. अव्वल कारकून तूच.”

माणसांबद्दल माझं एक ठाम मत होतं. दक्षिणेकडचे शेतकरी निम्मं कानडी बोलत. शहरातल्या कारकुनापुढं ते दिवसभर उभे राहात आणि शेवटी कुणातरी मध्यस्थाच्या हातात सारं सोपवून जात. त्यांची बोली कळणारी, गावातलीच शिकलेली माणसं मला हवी होती. त्यासाठी मी घोड्यावरून भाग पालथा घातला.

नेसरीत एक मुसलमान मास्तर भेटले. सरकारी शाळेवर होते. मोडी लिहायला बसले की बघत राहावं असं अक्षर. कानडी घरच्यासारखी बोलत. मी कचेरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“रावसाहेब, शाळा सोडली की माझी जागा दुसऱ्याला जाणार,” ते म्हणाले. “हे पक्कं हाय न्हवं?”

“साहेबांनी मला सांगितलंय. पक्कं समजा.”

“व्हय, मग येतो की. म्हातारा बाप हाय, त्यालाबी आणतो.”

अशीच आणखी काही माणसं मी वेगवेगळ्या गावांतून ठरवली. परत आल्यावर सोबत्याला एकेकाबद्दल सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मधूनच म्हणाला, “चांगली शोधलीस की!” त्या दिवशी त्यानंच भाकऱ्याही थापल्या.

मग साहेबांनी बोलावलं. मेजावर हुकूम तयार होता. त्यात माझ्या माणसांपैकी एकही नव्हता. जागा शहरातल्या ओळखीपाळखीच्या घरांतल्या मुलांनी भरल्या होत्या आणि अव्वल कारकुनाच्या जागी माझ्या सोबत्याचं नाव होतं.

“तू आपली माणसं भरायला निघाला होतास,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. “तुझ्या सोबत्यानं सांगितलं म्हणून कळलं. कामाचा आहेस म्हणून ठेवतोय.”

मी तसाच खोलीवर गेलो. तो अंगरखा घडी करत होता.

“साहेबांना काय सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“माझी भावकी आहे म्हणून?”

“भावकी म्हटलं नाही. तुझी माणसं म्हटलं. खोटं काय त्यात? तू निवडलेली, तुझा शब्द मानणारी.” अंगरख्याची घडी मोडली, त्यानं ती पुन्हा घातली. “सगळी कचेरी तुझ्या उपकाराची झाल्यावर मला तिथं कुणी विचारलं असतं? सांग की.”

त्यानं हे आधी माझ्याशी भांडून सांगितलं असतं, तर मी त्याला माझी जागासुद्धा दिली असती, असं तेव्हा वाटलं. आजही वाटतं. मी वळकटी उचलली आणि बाहेर पडलो.

बाकीच्यांना मी निरोप धाडले. नेसरीचा निरोप पोचायच्या आधीच मास्तर निघाले होते. पागेसमोर बैलगाडी उभी राहिली. मास्तर, त्यांची बायको, पुढं बसलेला म्हातारा, मागं भांडी आणि तांदळाचं पोतं. मी गाडीपाशी गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं.

मास्तरांनी गाडीच्या दांडीला हात टेकला. “तुम्ही फसवलं असं म्हणणार न्हाय मी,” ते हळू आवाजात म्हणाले. “पर माझ्या बापाला तुम्हीच सांगा. मला न्हाय जमायचं.”

म्हाताऱ्याला कमी ऐकू येई. मला मोठ्यानं सांगावं लागलं, अगदी ओरडून. कचेरीच्या पायरीवरचे नवे कारकून वळून बघू लागले. दारात माझा सोबतीही आला. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि आत गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता गाडी सोडायची का जुपूनच ठेवायची?”

शाळेतली जागा गेलीच होती. मास्तर शहरातच राहिले. त्यांच्या एका नातेवाइकाचं वह्या बांधायचं दुकान होतं, तिथं खळ लावायला आणि पुठ्ठे कापायला बसले.

कचेरी चालली. माझ्या आखणीनंच चालली आणि आलेगेले पाहुणे सोबत्याची तारीफ करत. मी त्याच्या हाताखाली, समोरच्या मेजावर काम केलं. कामापुरतं बोललो. त्याच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा गेलो नाही. दक्षिणेकडचे शेतकरी पूर्वीसारखेच दारात ताटकळत आणि मध्यस्थ शोधत.

पुढं सोबत्याची बढतीवर बदली झाली आणि ते मेज माझ्याकडं आलं. नव्या साहेबांची मंजुरी या वेळी मी कागदावर घेतली आणि वह्यांच्या दुकानात गेलो. मास्तरांची नखं खळीनं पांढरी झाली होती. त्यांनी बसायला पाट दिला, चहा मागवला, मंजुरीचा कागद शेवटपर्यंत वाचला.

“कागद खरा हाय,” ते म्हणाले. “पर रावसाहेब, बाप माझा हितंच गेला. शेवटपातूर गावाकडं कवा जायचं म्हणून इचारत व्हता. आता त्या दारात मी पाय ठेवणार न्हाय.”

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मी चहा संपवला. त्यांनी पुढचा पुठ्ठा ओढून घेतला आणि मी कचेरीकडं निघालो.