पाठ दाखवायची नाही

खडू हातात होता, फळा मागे होता आणि मला वळता येत नव्हतं. समोर सतरंजीवर मुलं बसलेली, त्यांच्यामागे भिंतीला टेकून त्यांच्या आया. मस्कतमधल्या मराठी मंडळींनी शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मुलांना मराठी शिकवायचा वर्ग काढला होता. शिकवणार मी होते आणि तो माझा पहिला दिवस होता. फळ्यावर 'घर' लिहायचं होतं. मी तोंड मुलांकडेच ठेवलं, हात मागे नेला आणि अंदाजाने लिहिलं. 'घ' आडवा पडला आणि 'र' त्याच्या डोक्यावर चढला. मुलं हसली. एक आई शेजारणीला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने, "बाईंना लिहिता तरी येतं ना गं?"

येत होतं. मुंबईला मरोळच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. पण मला निवडलं होतं ते आवाजासाठी. कुणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला मी लहानपणच्या नाटकातलं एक भाषण म्हणून दाखवलं, ते म्हणे खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. शिकलेल्या बायका नोकऱ्या करायच्या, त्यांना शुक्रवार घरासाठी हवा होता. मला वर्ग हवा होता. नवरा सकाळी कामाला गेला की मी आणि भिंती. त्या देशात मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई होते, दुसरी काही ओळख नव्हती. वर्ग गेला असता तर तेवढीच राहिली असती.

वळता का येत नव्हतं, ते पार्ल्यात ठरलं होतं. लहानपणी मी नाटकांत कामं करायचे, बहुतेक मुलाची, कारण उवांपायी आईने केस कापून टाकले होते. गणपतीत पार्ले, सांताक्रूझ, अंधेरी, जिथे मांडव पडेल तिथे आमचं नाटक. तालीम पार्ल्याला असायची. तालीम घेणाऱ्या मास्तरांचा एक नियम होता. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. मरायचं असलं तरी समोर तोंड करून मरायचं. जो पाठ दाखवेल त्याच्या पाठीवर ते खडूने माखलेला पंजा उठवायचे. पुसायचा नाही, तसंच घरी जायचं. मी फ्रॉकवर पांढरा पंजा घेऊन मरोळपर्यंत जायचे. गल्लीतल्या बाया विचारायच्या, आज कुणी आशीर्वाद दिला गं. आई फ्रॉक घासताना म्हणायची, "देवाने तुला मागेपण एक तोंड द्यायला हवं होतं."

हळूहळू पंजा बसायचा थांबला, पण माझं वळणंही थांबलं. वाण्याच्या दुकानातून निघतानासुद्धा मी दोन पावलं उलटी चालायचे. पुढे अंगाने वाढले, मुलगा म्हणून कुणी घेईना, नाटक सुटलं. सवय काही सुटली नाही.

हे मी त्या शुक्रवारी कुणाला सांगणार नव्हते. पण पुढे बसलेली एक मुलगी हसत नव्हती. ती मान वाकडी करून माझ्या मागे बघायचा प्रयत्न करत होती.

"टीचर, तुमच्या पाठीला काय झालंय?"

काही नाही म्हटलं. मग दाखवा ना, म्हणाली. गप्प बसेल असं पोर नव्हतं, म्हणून मग पंज्याची गोष्ट सांगून टाकली. आयासुद्धा ऐकत होत्या. मुलीने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, प्रेक्षक कुठे बसायचे.

"तू बसलीयेस तिथे."

"मग तुम्ही इथे बसा. मी तिथे जाते."

मी खरंच गेले. तिच्या एवढ्याशा जागेत मी मावणार नव्हते, म्हणून मागे आयांच्या ओळीत बसले. रिकामी जागा नेमकी त्या बोलणाऱ्या आईशेजारी होती. मुलगी फळ्याशी गेली, आम्हा सगळ्यांना पाठ करून उभी राहिली, आणि मी मागून मोठ्याने अक्षर सांगू लागले. तेव्हा मला एक गंमत दिसली. अक्षर अडलं की पोराचा खांदा वर जातो. हात थांबायच्या आधी खांद्याला कळतं. सगळ्यांचंच असं होतं का, ते बघायला मी दुसऱ्याला उठवलं, मग तिसऱ्याला. खांदा वर गेला रे गेला की मी मागून सांगायचे. मुलांना वाटलं टीचरना मनातलं कळतं.

शेजारची आई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, असं कुठे शिकवतात?"

"माहीत नाही. आमच्या शाळेत तरी नव्हतं."

"आणि शाळा कुठवर?"

"चौथी."

मला वाटलं, संपलं. पुढच्या शुक्रवारी गेले तर तिने माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, मागे, भिंतीपाशी.

मस्कत सुटेपर्यंत मी त्याच खुर्चीतून शिकवलं. आता मरोळला नव्या इमारतीत राहते. लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करतात, मी माणसांकडे. शेजारीण म्हणते, आजी, वळा आता, मजला आला. तुम्ही कोण, असं कुणी विचारलं तर सांगते, मस्कतला फळ्यावर वाकडं घर काढणारी टीचर होती ना, ती मी.